माहेर कुणाचं

गुरुवार, संध्याकाळ. मानपाडा.

ठाण्याच्या दवाखान्यात आमच्या चिऊचा जनुकांचा रिपोर्ट मिळाला. तिच्या ॲड्रिनल ग्रंथी हार्मोन नीट बनवत नाहीत, अंगात मीठ टिकत नाही, म्हणून गोळ्या आणि दुधातून मोजून मीठ. बिघडलेलं जनुक तिला दोघांकडून मिळालंय, माझ्याकडून आणि महेशकडून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सख्खी आते-मामे भावंडं ना तुम्ही? एकाच घरातून आलं असणार."

घरी येऊन दुधात मीठ ढवळत होते, तर बाहेर सासूबाई शेजारच्या काकूंना सांगतायत, "हिच्या माहेरचं आहे हो सगळं. आमच्यात नव्हतं असलं काही."

हिच्या माहेरचं? माझे बाबा सासूबाईंचे सख्खे भाऊ! बाहेरची मुलगी नको, भाचीच हवी, हा हट्ट कुणाचा होता? मी नको म्हणत होते तेव्हा ऐकलं कुणी? आणि आता पण मीच गप्प बसायचं?

नाही बसले. लग्नापासून त्यांना 'अहो आई' म्हणतेय, त्यांनीच तसं बजावलं होतं. आज काकूंसमोर चिऊला त्यांच्या मांडीवर ठेवलं, ती मिठाच्या दुधाची बाटली हातात दिली आणि म्हटलं, "आत्या, तू पाज. आपल्या दोघींचं माहेर एकच."