तारेवरचा सव्विसावा तुकडा

१२ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

प्रिय ताई, नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. भावजींचा खोकला कमी झाला असेल अशी आशा. इकडे सगळे बरे आहेत. हिची पाठ आता दुखत नाही, थोरलीची परीक्षा चांगली गेली, आणि वर्कशॉपचं छत गळायचं थांबलं, कारण या वेळी ते कुणाला न सांगता मीच वर चढून केलं.

तू लिहिलंस, ‘आपल्या धाकट्या भावाने एवढं नाव काढलं, तू काय केलंस?’ विचारलंच आहेस तर सांगतो. शाळेचं सरकतं फाटक मी केलं. सहा वर्षांची पोरगी ते एका बोटाने ढकलते. दवाखान्याच्या दारातला उतार मी केला, खुर्ची वर नेताना नर्सला धाप लागणार नाही इतक्याच चढाचा. पाण्याच्या टाकीचा गोल जिना मी केला. चौऱ्याऐंशी पायऱ्या, सगळ्या एका उंचीच्या, हवं तर गुडघा बरा झाल्यावर येऊन मोज. आईच्या पलंगाची चौकट केली, जी ती जाईपर्यंत एकदाही कुरकुरली नाही. आणि नदीकाठच्या बागेतले अकरा बाक. मला कुणी कॉलेजात घातलं नाही. रद्दीतून पुस्तकं आणली आणि शिकलेल्यांच्या चुका निस्तरता निस्तरता शिकलो.

त्या बाकांपासूनच सगळं सुरू झालं, म्हणून त्यांच्याबद्दल जरा जास्त लिहितो.

ते वेदरिंग स्टीलचे आहेत. हे पोलाद रंग न देता उघड्यावर ठेवायचं असतं. पावसात भिजतं, उन्हात वाळतं, पुन्हा भिजतं, आणि दोनतीन वर्षांत त्याच्या अंगावर गंजाचा एक घट्ट थर बसतो, गडद, जांभळट तपकिरी. तोच त्याचा रंग आणि तेच चिलखत. आतलं पोलाद मग जवळजवळ गंजत नाही. मात्र त्याचे नखरे फार. पाणी साचलेलं चालत नाही, मातीत गाडलेलं चालत नाही, खारी हवा तर बिलकूल नाही. वेल्डिंगचा रॉडसुद्धा त्याच जातीचा लागतो. नखरे सांभाळले तर ते आपल्या नातवंडांनाही पुरेल.

माझी सवय तुला ठाऊक आहे. प्रत्येक कामातला तळहाताएवढा तुकडा कापून, कोपऱ्यात भोक पाडून, वर्कशॉपच्या बाहेरच्या तारेवर टांगतो. पावसापाण्यात कोण कसं टिकतं ते दरवर्षी मोजून बघतो. त्यावरूनच तू मला मोजपट्टी म्हणायला लागलीस. बाकांचा तुकडा सव्विसावा. नऊ वर्षं लटकतोय. म्हणजे, लटकत होता.

दोन वर्षांपूर्वी पालिकेने कालव्यावर पादचारी पूल करायचं ठरवलं. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला दवाखाना. समितीच्या अध्यक्षबाईंनी बाक पाहिले होते, म्हणून मला बोलावलं. मी स्वच्छ सांगितलं, “बाई, तुमचं खातं एकदा पूल बांधला की त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. रंग कोण देणार? वेदरिंग स्टील वापरा. पाणी वाहून जायला उतार ठेवा, पायाशी पानं अडकू देऊ नका.” बाई हसल्या. “तुम्ही म्हणता म्हणून,” म्हणाल्या. माझ्या शब्दावर त्यांनी महागाची प्लेट मंजूर केली. काम एवढं मोठं की माझ्या शेडमध्ये मावलं नसतं. ते धाकट्याला मिळालं. मला आनंद झाला, खरंच झाला. बावीस वर्षं एका भट्टीपाशी काढलेली आम्ही माणसं.

पूल झाला. बैठक झाली, ती सोडून दे. उद्घाटन झालं, पेढे वाटले, धाकट्याचा फोटो छापून आला. तो तू कपाटावर लावलास असं लिहिलंयस.

मी दर रविवारी ठोकून बघायला छोटी हातोडी घेऊन पुलावर जातो. ही म्हणते, “लोक देवळात जातात, हे पुलाच्या पाया पडायला जातात.” खाली वाकून बघावं लागतं, दुसरं काय! पहिल्या पावसाळ्यानंतर गंज घट्ट व्हायला हवा होता. झाला नाही. हात फिरवला की हळदीसारखी पूड. दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटायला लागले, कुजलेल्या कांद्यासारखे, एकाखाली एक. पुलाच्या पायाशी असलेल्या पोलादी पेटीत पानांचा चिखल, कारण पाणी जायला भोकच ठेवलेलं नाही. चिखल काढला तर असा वास आला की घरी येऊन दोनदा हात धुतले तरी जेवताना नाकात होता. घासून जाडी मोजायचा कॅलिपर लावला. आठ मिलिमीटरची प्लेट सात भरली नाही. चौदा महिन्यांत, ताई! वरून रोज तीनशे पोरं धावत जातात.

तसाच धाकट्याच्या शेडमध्ये गेलो. तो खुर्चीत बसून चहा पीत होता. मी विचारलं, “प्लेट कुठली वापरलीस?”

“या या, मोजपट्टी आले! चहा घेणार?”

“प्लेट कुठली?”

“साधी,” तो म्हणाला. लाजही नाही, घाबरणंही नाही. “अरे दादा, त्यांना तांबूस दिसायला हवं होतं ना? मिठाचं पाणी मारलं, वर थोडं अॅसिड, चार दिवसांत तांबूस. तुझं पोलाद तीन वर्षं घेतं. सांग, हुशार कोण?”

झाडांवर औषध मारायचा पंप कोपऱ्यात पडला होता. त्याच्या नळीवर अजून पिवळे डाग. जे त्या पोलादालाही विष, ते मीठ यानं आपल्या हाताने पुलाच्या प्रत्येक सांध्यात भरलं. त्या पंपाकडे बघून मला जी किळस आली ती कशी लिहू? लहानपणी आपल्या विहिरीत मेलेलं मांजर सापडलं होतं, आणि आदल्या संध्याकाळी आपण ते पाणी प्यायलो होतो, आठवतं? तशी.

“कुणाला कळलंय?” तो म्हणाला. “समितीने तर नमुना बघून पास केलं. तूच होतास की तिथे.”

हो. मी होतो. ती बैठक मघाशी सोडून दे म्हटलं. ती सोडता येत नाही.

पूल ताब्यात घ्यायच्या आधीची बैठक. अध्यक्षबाई, दोन इंजिनियर, मी, आणि टेबलावर धाकट्याने नमुना म्हणून दिलेला पोलादाचा तुकडा. “पुलाच्याच प्लेटचा आहे,” तो म्हणाला. तुकडा गडद, जांभळट, घट्ट. इंजिनियरनी नखाने खरवडला, काही निघालं नाही, दोघांनी माना डोलावल्या. बाईंनी तो माझ्यापुढे सरकवला. “तुम्ही सांगा, हेच ते पोलाद का?”

कोपऱ्यात भोक होतं. मधोमध नाही, कडेला सरकलेलं. नऊ वर्षांपूर्वी ते पाडताना ड्रिल घसरलं होतं आणि मी स्वतःला शिवी दिली होती. अख्ख्या तारेवर चुकलेलं भोक एकच आहे. नवीन प्लेटीवर इतक्या वर्षांचा गंज कसा येईल? मी मान वर केली. धाकटा माझ्याकडे बघत होता. लहानपणी माझ्या खिशातली पेन्सिल पळवून बघायचा ना, अगदी तसाच.

मी म्हणालो, “हो, वेदरिंग स्टील म्हणतात ते हेच.”

शब्दन् शब्द खरा. म्हणून तर जास्त घाण वाटते. खोटं बोललो असतो तर निदान जीभ अडखळली असती. भाऊ चारचौघांत उघडा पडेल, हे एक मनात आलं. दुसरंही आलं, तेही लिहितो. आदल्याच आठवड्यात बाई म्हणाल्या होत्या, “तुम्ही शिकला असतात तर चीफ इंजिनियर झाला असतात.” ज्यांना मी चीफ इंजिनियर वाटलो, त्यांच्या टेबलावर मला चोराचा भाऊ व्हायचं नव्हतं. घरी येऊन तारेवरचा रिकामा आकडा पाहिला, आणि तिथे दुसऱ्याच कामाचा तुकडा अडकवला. रिकामं दिसू नये म्हणून. पंप धाकट्याने मारला. पण त्या आकड्यावर मी जे केलं ते त्याहून वेगळं काय होतं?

त्यानंतर चौदा महिने मी हातोडी घेऊन जात राहिलो, या आशेने की कदाचित माझीच चूक असेल, कदाचित प्लेट खरी असेल. आयुष्यात सगळं मोजलं, तेवढं एक मोजायला भ्यायलो.

आता लोकांनी तक्रार केली आहे. पुलाखालची भिंत नारिंगी झाली, कपड्यांना डाग पडतात, पापुद्रे खाली पडतात. बुधवारी समिती बसणार आहे आणि त्यांनी माझं लेखी मत मागितलं आहे. मी कॅलिपर नेणार आहे, पापुद्र्यांचा डबा नेणार आहे, आणि तो तुकडा त्यांच्या कपाटात आहे तो मागून घेऊन भोक कुणाचं ते सांगणार आहे. आधी माझं सांगेन, मग त्याचं. पूल त्याच दिवशी बंद करा म्हणेन. शाळेतल्या पोरांना अर्धा कोस वळसा पडेल. पडू दे. धाकट्याचं काय होईल ते मला माहीत आहे. मला पुन्हा कुणी बोलावणार नाही, तेही.

तू कपाटावरचा फोटो काढ असं मी म्हणत नाही. बुधवारनंतर तूच ठरव. माझ्याशी बोलायचं की नाही, तेही.

राहता राहिलं एक. तू लिहिलंस, ‘धाकटा मनाचा मोठा, तुझ्या पडक्या वर्कशॉपला नवी शेड बांधून देतो म्हणतो, तर तू अकडून नाही म्हणालास.’ शेडबरोबर एक टाइप केलेला कागद होता, ते त्याने तुला सांगितलं नसेल. ‘पुलावरील गंज नैसर्गिक असून बांधकामास धोका नाही,’ एवढी एक ओळ, खाली माझ्या सहीची जागा. ती आठ लाखांची शेड म्हणजे त्या सहीची किंमत. मी नाही म्हणालो.

तुझा,
मोजपट्टी