मेल्या चाकाची सायकल

३ मे

आणि सायकलीला ब्रेक बसवल्यावर त्यात मजा काय उरली, हे ताईला कोण सांगणार! आज परत फोन. परत तेच. "धाकट्या, गावात तुझ्याबद्दल काय बोलतात माहितेय? वेनांचा पोरगा तिकडे शहरात, डोंगग्वानला, सर्कशीत लागला म्हणे!" बोलू देत. माझे व्हिडिओ बघतात ना सगळे? "एक तरी ब्रेक बसव रे, पुढचा तरी." म्हटलं, ताई, आमच्या सायकलीला ब्रेक म्हणजे माशाला छत्री. तिनं फोनच ठेवला.

आमचं चाक मेलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, सुटका नाही. थांबायचं तर पाय आवळायचे— मागचं चाक किंचाळत घासत जातं आणि बसस्टॉपवरच्या पोरी दचकून मागे सरतात. एवढ्या सफाईनं या भागात कुणालाच जमत नाही. खोलीतल्या मेंगलाही नाही. त्याला वाटतं जमतं.

७ मे

मोठी बातमी! सायकलच्या दुकानवाले गान शेठ रविवारी सकाळी दुकानापुढच्या रस्त्यावर सगळ्या पोरांना बोलावतायत. ज्याच्या करामती आवडतील त्याला कामावर ठेवणार. सायकली जुळवायच्या, गिऱ्हाइकांपुढे चालवून दाखवायच्या. पगार आमच्या बुटांच्या कारखान्यापेक्षा कमी. असू दे! बुटांच्या तळव्यांना गोंद लावून लावून नाकाला आता जेवणाचाही वास येत नाही.

मेंग म्हणाला, "तू शाळा सोडून पळालेला. दुकानात हिशोब कोण करणार, तुझा बाप?"

म्हटलं, हिशोब तू कर. मी पुढचं चाक उचलून तुझ्या डोक्यावरून नेतो.

मीच लागणार. शंकाच नाही.

९ मे

कारखान्यातल्या पाळीच्या आधी सराव. पुढचं चाक वर— पूल संपेपर्यंत टेकवलं नाही! ट्रॅफिकवाला ओरडला. मी हात हलवला त्याला.

१० मे, रविवार

काय लिहू.

माझी सायकल टायर बदलायला शेठच्या दुकानात दिलेली. म्हणून सकाळी फोननं कोड स्कॅन करून रस्त्यावरची भाड्याची निळी सायकल काढली. बाजाराचा उतार. सुसाट. खाली श्यांग काकूंचा ठेला— आल्याच्या पाकातलं मऊ टोफू विकतात त्या. काकू बादली घेऊन रस्त्यात आल्या. मी पाय आवळले.

भाड्याच्या सायकलीचं चाक जिवंत! पायडल नुसतं मागे गरगरलं. परत आवळले. परत गरगर. हाताशी दोन-दोन ब्रेक होते— बोटांना सुचलंच नाही. बोटांना सवयच नाही!

काकू, बादली, ठेला, मी. सगळे एका ढिगात.

त्यांचं उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात मीच नेलं, बिल मीच भरलं. वाटभर चालू होतं: "सायकल येत नाही तर चालत जावं की रे, मुडद्या!" मला सायकल येत नाही! मला!

दुकानापुढे जाणं राहिलंच.

११ मे

शेठना कालच्या पोरांत कुणी पसंत पडला नाही. मेंग त्यातल्या त्यात बरा म्हणाले. मला पुढच्या रविवारी एकट्याला बघणार. बघाच म्हणावं!

१२ मे

काकूंचं इथं कुणी नाही. नवरा हुनानला गावी, कंबर गेलेली. सोबत नातू. या ठेल्यावर ते घर चालतं. माझी पाळी दुपारची, सकाळ मोकळी. म्हटलं, हात बरा होईपर्यंत मी लावतो ठेला.

"तू? माझं टोफू रस्त्यावर सांडशील."

"ते सांडून झालंय, काकू."

हसल्या! पहिल्यांदाच.

१५ मे

जमतंय की मला! काकू खुर्चीत बसून डाव्या हातानं हुकूम सोडतात. कारखान्यातल्या आमच्या ग्वेईचौ प्रांताकडच्या पोरांना गोड चालत नाही, म्हणून मी पाकाऐवजी मिरचीचं तेल घातलं. "टोफूवर तिखट? जेवणाची चेष्टा लावलीय!" मग रांग बघितली. म्हणाल्या, "उद्या तेल जास्त आण."

कारखान्याच्या फाटकापर्यंत वाट्या मीच पोचवतो. हँडल सोडून, दोन हातांत दोन. फाटकाशी चाक घासत थांबतो— थेंब सांडत नाही! पहारेकरी टाळ्या वाजवतो. मागून काकू: "हँडल धर, मुडद्या!"

१७ मे, रविवार

शेठना सगळं दाखवलं. सायकल जागच्या जागी उभी. मग उलटी चालवली, मागे मागे. मग बस आणि फुटपाथच्या मधून एका चाकावर! शेठची सिगारेट बोटांतच जळून गेली. "उद्या नको, पुढच्या सोमवारपासून ये. सकाळी लवकर."

म्हटलंच होतं! गोंदाचा वास संपला. मेंग म्हणतो, नूडल्स खिलव.

काकूंना सांगितलं. "जा की. मी काय, एका हातानं करीन." आणि डाव्या हातानं पातेलं उचलायला गेल्या.

पातेलं हललंसुद्धा नाही.

१८ मे

शेठना विचारलं, दुपारी आलो तर? कारखाना सोडतो, पण सकाळ तेवढी—

"दुपारी उन्हात कोण सायकल घ्यायला येतंय? सकाळीच हवा. नाहीतर मेंग आहेच."

मेंग!! त्याचं चाक अजून दारुड्यासारखं डुलतं.

डॉक्टर म्हणतात, काकूंच्या हाताला इतक्यात वजन नाही.

२० मे

मेंगला पुलावर नेलं. म्हटलं, चाक उचलताना ढुंगण मागे टाक. तेवढं केलंस तर सोमवारी माझ्या जागी गेल्यावर शेठ तुला हाकलणार नाहीत.

ठेल्यावरचे, सामानाचे वजा करून, काकूंच्या गावी पाठवतोय: आठशे साठ युआन.