मायची कोठी

नागपूर, १० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. सुखवंताबाईस,
धाकट्या भावाचा, इंद्रकुमारचा, शि. सा. न. वि. वि.

तुमच्या दरेकशाच्या डोंगरात मोबाईल लागत नाही, आणि चुकून लागलाच तर ओमेश्वर भाऊजी आधी धानाला काय भाव मिळाला ते सांगतात, मग रेंज जाते. म्हणून बाबूजींच्या रीतीप्रमाणे पत्रच बरं. शिवाय ही बातमी फोनवर उरकण्यासारखी नाहीच.

सडक अर्जुनीचं आपलं घर पाडून झालं. हायवेला लागून जागा, तिथे मंगल कार्यालय नाही बांधायचं तर काय धानाची परसबाग करायची? प्रेमिला म्हणते, नाव बाबूजींचंच द्यायचं, सेवकराम मंगल कार्यालय. घर पाडायचं ठरलं तेव्हा मायनं एकच गोष्ट मागितली होती, भिंती पाडा पण माझी धानाची मातीची कोठी फोडू नका. बाई, मी नाही फोडली. देवरीच्या रस्त्यावर जे नवं प्रादेशिक इतिहासाचं संग्रहालय झालं आहे, त्यांना दिली. खाली फळ्या सारून, दोरखंड बांधून, गाद्यांवर ठेवून नेली. एक ढेकूळसुद्धा पडलं नाही.

माळव्यातून आलेल्या पोवारांचं तिथे वेगळं दालन आहे आणि त्याच्या मधोमध आपली कोठी आहे. भिंतीवर पितळी पाटी लागते आहे, भेट म्हणून माझं आणि बाबूजींचं नाव. आपल्या घराण्याचं नाव असं कुठे कोरलं गेलं होतं सांग. १ डिसेंबरला, रविवारी, उद्घाटन आहे. आम्ही तिघंही येतो, टीनालाही सुट्टी आहे. तुमच्यासाठी गाडी पाठवतो. मायला नवं लुगडं नेसव आणि भाऊजींना सांग की तंबाखू घरी ठेवून यायचं, तिथे थुंकायला जागा नाही.

दोन वर्षं माय तुझ्याकडे आहे आणि तू तिचं सगळं करतेस, हे मी चारचौघांत सांगत असतो. मनात कधी किंतू आणू नकोस. धाकट्यावर माया आहेच, ती तशीच ठेव.

तुझा,
इंद्रकुमार


दरेकसा, १७ नोव्हेंबर २०२४

चि. इंद्रकुमारास सुखवंताचे अनेक आशीर्वाद. प्रेमिलाला आणि टीनाला पण.

तुझं पत्र मायला वाचून दाखवलं. मग कोठीपुरतं पुन्हा वाचायला लावलं. मग तुझ्या भाऊजींना बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा. ते म्हणाले, आता मीच पाठ म्हणून दाखवतो. तंबाखूचं त्यांनी मनाला लावून घेतलं आहे, येतील की नाही देव जाणे.

माय परवापासून तीच गोष्ट सांगून राहिली. लग्न होऊन आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात आजीनं तिला बोडीवर, तळ्याच्या काठाला नेलं, ही माती, हे धानाचं तनस, हा भुसा, कर तुझी कोठी. आपल्यात सुनेनं आपली कोठी आपणच करायची. रोज वीतभर चढवायची, वाळू द्यायची, पुन्हा वीतभर. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. शेवटच्या दिवशी तोंडाजवळ ओल्या मातीत उजवा पंजा दाबला. तिची करंगळी लहानपणीच विळ्यानं अर्धी गेली होती, म्हणून तो पंजा असा साडेचार बोटांचा. तुला आठवतं का रे? दर दिवाळीला तू त्यात आपला हात बसवून पाहायचास आणि लहान पडला म्हणून भोकाड पसरायचास. शेवटी माय म्हणायची, तुझी करंगळी तरी माझ्याहून मोठी आहे ना, मग रडतोस कायले.

आता तिचा निरोप नीट वाच. कोठीत तळाशी पसाभर धान आहे, ते तसंच राहू दिलं ना? कोठी पुरी रिकामी केव्हा करतात ते तुला सांगायला नको. आजी गेली तेव्हा बाबूजींनी तिची कोठी झाडून रिकामी केली होती, आपण दोघं दारात उभे होतो. करणारी बाई गेली की तिच्या मुलानं करायचं ते काम आहे. जिवंतपणी कोणी करत नाही. संग्रहालयवाल्यांना हे माहीत नसणार, तू सांग.

आणि दुसरं. माय विचारते, त्या पाटीवर तिचं नाव असेल ना? तुझं, बाबूजींचं राहू दे, पण कोठी केली कोणी तेही लिहितील ना? मी म्हटलं, इंदर आहे ना तिथे, तो सांगेलच. तिचं नाव आजवर रेशनकार्डाशिवाय कुठे लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. आमच्या गल्लीतल्या बायकांना तिनं आतापासूनच सांगून ठेवलं आहे. निर्मलाबाई म्हणते, धानाची मळणी, चुरणं आटोपलं की आपण सगळ्या टेम्पो करून पाहायला जाऊ.

मोठ्या बहिणीचं ऐकत जा आणि तब्येतीला जप.

तुझी बाई,
सुखवंता


दरेकसा, ४ डिसेंबर २०२४

इंद्रकुमारास आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिला कारण बाबूजींनी तसं शिकवलं. बाकी मनात काय आहे ते तू वाचशीलच.

तू मंडपात शाल घेत होतास, हार घेत होतास, फोटो काढून घेत होतास. प्रेमिला तुझ्याजवळ. घरच्यांसोबत संग्रहालय पाहायचं म्हणून आम्हाला बोलावलंस आणि आम्ही पाहिलं ते आपलं आपणच. भाऊजी बाहेर गाडीजवळ बसले. मी मायच्या चपला ठेवायला मागे राहिले, तोवर तुझी लेक टीना आणि माय पुढे गेल्या. मी पोचले तर माय कोठीच्या तोंडाशी वाकून आत पाहत होती. आत काय होतं सांगू? निळा बल्ब. आपण जिथून धान काढायचो त्या खालच्या भोकातून वायर घातलेली आणि आत निळा बल्ब लावलेला. दाणा नाही. तळ झाडून पुसून स्वच्छ. लोक आत डोकं घालून सेल्फी काढत होते.

मग मायनं मला पाटी वाचायला सांगितली. मी वाचली, मनातल्या मनात. धान्याची कोठी. पोवार जमीनदार घराणं. काळ अंदाजे एकोणीसशे दहा. कारागीर अज्ञात. भेट, इंद्रकुमार सेवकराम टेंभरे.

अज्ञात! अरे, ती पाटीसमोर उभी होती. तिचा हात तिथे मातीत होता आणि ती स्वतः तिथे उभी होती, नवं लुगडं नेसून, तू सांगितलं तसं.

मी मोठ्यानं वाचलं, ही कोठी धुरपताबाई सेवकराम टेंभरे यांनी स्वतःच्या हातांनी केली. तोंडाला येईल ते वाचलं. टीना माझ्याकडे पाहून राहिली आणि तिनं मान फिरवली. मायनं पदर नीट केला, चल म्हणाली. गाडीत पूर्ण वेळ गप्प. मला वाटलं, आनंदानं बोलवत नसेल.

एवढ्या मोठ्या जागी खोटं वाचायची पाळी तू माझ्यावर आणलीस. त्यांना ठाऊक नव्हतं म्हणशील, तर ज्यांना ठाऊक नाही त्यांनी एकोणीसशे दहा कुठून आणलं? कोणीतरी सांगितल्याशिवाय ते कसे लिहितील? एकोणीसशे दहात तर मायचा बापसुद्धा जन्मला नसेल.

निर्मलाबाई चौथी शिकलेली आहे. चार अक्षरं तिला नीट वाचता येतात. त्या बायका जाऊन पाटी वाचतील त्याआधी ती बदलून घे. मायचं नाव टाक. मला दुसरं काही नको. घर पाडलंस तेव्हा मी बोलले का? मायला माझ्याकडे आणून सोडलंस, चार दिवसांसाठी म्हणून, तेव्हा बोलले का? आता बोलते आहे.

उत्तराची वाट पाहते.

सुखवंता


नागपूर, १५ डिसेंबर २०२४

ती. सौ. बाईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं. पण तू जरा माझीही बाजू ऐकून घे, रागात माणूस एकच बाजू धरून बसतो.

त्या दालनात शंभर वर्षांहून जुन्याच वस्तू घेतात, असा नियम. मायची कोठी साठ वर्षांची. नियमानं ती बाहेर, आणि बाहेर म्हणजे जेसीबीच्या तोंडी. मग मी काय करायचं होतं? मी सांगितलं, ही आमच्या पणजीची आहे. त्यांनी विचारलं, नाव काय तिचं? मला आपल्या पणजीचं नाव येत नाही, बाई. तुला येतं का? म्हणून अज्ञात. यात कोणाचा अपमान करायचा हेतू नव्हता. उलट कोठी वाचली ती माझ्यामुळे.

धानाचं मी विसरलो नव्हतो. पण त्यांनी सांगितलं, दाणा राहिला तर कीड लागेल. मग तो पसा मीच बाहेर काढला, मजुराला हात लावू दिला नाही. एवढं तरी माझ्या बाजूनं धर. बल्बचं मला माहीत नव्हतं. तसा तो छान दिसतो असं सगळे म्हणत होते.

आता पाटी बदलायची म्हणजे मी खोटं बोललो हे लेखी कबूल करायचं. फोटो पेपरात आले आहेत. मंगल कार्यालयाचं उद्घाटन तोंडावर आहे, त्याच पाहुण्यांना बोलवायचं आहे. मी कोणत्या तोंडानं जाऊ? आणि खरं सांगू, मायला वाचता येत नाही. तू तिला जे वाचून दाखवलंस ते फार चांगलं केलंस. तिचं समाधान झालं, विषय मिटला. त्या बायकांना काहीतरी कारण सांगून थांबव. या वयात मायला पाटीवरचं नाव काय कामाचं? तिला औषधपाणी, दोन वेळचं गरम जेवण, एवढं मिळालं म्हणजे झालं, आणि ते तू देतेसच.

टीना माझ्याशी बोलत नाही. तू तिला काही लिहिलं असशील तर कृपा करून पुन्हा लिहू नकोस. मायला मकरसंक्रांतीला चार दिवस इकडे घेऊन येतो. भाऊजींना नमस्कार. राग सोड आणि होतीस तशीच माझी बाई राहा.

इंद्रकुमार


दरेकसा, २६ डिसेंबर २०२४

इंद्रकुमार,

मी टीनाला काही लिहिलं नाही. तिला डोळे आहेत.

तुझं पत्र आलं तेव्हा माय अंगणात तूर पाखडत होती. सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, वाच. मी वरचा नमस्कार वाचला, भाऊजींना नमस्कार वाचला, संक्रांतीला न्यायला येतो आहे ते वाचलं. मधलं गाळलं. तर म्हणते, कागद दोन्ही बाजूंनी भरलेला आहे, एवढंच कसं? सुखे, तिथं वाचलं तसं इथं वाचू नको.

मी हादरलेच. मग तिनं सांगितलं. त्या दिवशी मी चपला ठेवत होते तेव्हा तिनं आपला हात त्या पंजावर ठेवला होता. तिथला राखणदार हिंदीत ओरडला, की अम्मा, हात नका लावू, शंभर साल पुरानी आहे, बनवणारी कधीचीच मेली. टीनानं त्याला सांगितलं, हीच ती. तो हसला. त्यानं पाटीकडे बोट दाखवलं आणि टीनानं पाटी वाचली, तीही मोठ्यानं. म्हणजे मायला सगळं मालूम होतं. ठाऊक असून तिनं मला वाचायला लावलं, मी काय वाचते ते पाहायला. आणि मी खोटं वाचल्यावर पदर नीट करून चल म्हणाली. या महिनाभरात निर्मलाबाईनं टेम्पोची गोष्ट काढली की मायच म्हणायची, थांब, चुरणं होऊ दे. चुरणं होऊन आठ दिवस झाले तरी म्हणायची.

मग मी तुझं पत्र वाचलं. सगळं. तो पसा तू आपल्या हातानं काढलास, तिथे आले तेव्हा तिनं मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली.  तूर पाखडून झाल्यावर म्हणाली, लिही. पुढचं सगळं तिचं आहे, मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. शेवटी लोभ असू द्यावा वगैरे लिहू का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. अंगठा दे म्हटलं तर तेही नाही म्हणाली. अंगणातली माती भिजवून तिनं कागदावर पंजा दिला. वाळेपर्यंत मी कागद हातात धरून उन्हात उभी होते.

इंदर,
तुले आशीर्वाद आहे. माय आहो ना.
तू म्हणतोस कोठी वाचवली. कोठी मातीची रे. फुटली असती तर मी दुसरी केली असती. नसती झाली तर नसती झाली. मी तुले म्हटलं का, हिले इतिहासात ठेव म्हणून?
सुखीले बोलू नको. ते माझ्यासाठी खोटं बोलली, तू पाटीसाठी बोलला. मले पणजी केलंस. नाव नाही येत म्हणालास. माझं नाव येत होतं ना तुले? मंग ते काऊन नाही सांगतलं?
पाटी आता बदलू नको. तुले तोंड दाखवायचं आहे लोकांत. राहू दे. त्या बायाइले मी खुद सांगीन का, नाव नाही तिथं, जाऊ नका.
पण एक गोष्ट ध्यानात ठेवजो. आजी मेली तेवा तुझ्या बापानं तिच्या कोठीतला शेवटचा पसा काढला. रडत काढला. पोरानं मायसाठी करायचं ते शेवटचं काम. तू ते करून टाकलंस, मी जिती असताना, फोटोसाठी. आता मी खरीच मरीन तेवा तुले करायले काही उरलं नाही.
येऊ नको.

कोठी करणारी,
धुरपताबाई