पान कोण उलटतं?

६ जानेवारी

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. तुझा गुडघा आता जिना चढू देतो असं आईकडून कळलं. म्हणजे तुला छळायला हरकत नाही. जन्म शाळेत घालवलास, त्यातलं चिमूटभर शहाणपण मला दे.

माझ्या दुसरीच्या वर्गात दोन जुळ्या बहिणी आहेत. मुलं एकीला टकळी म्हणतात नि दुसरीला मौनी, आणि खरं सांगायचं तर आता मीही तसंच म्हणते. टकळी धडा धाडधाड वाचते. मौनी तिच्या दंडाला चिकटून, पुस्तकात डोकावत उभी असते. तिला एकटीला वाचायला सांगितलं की तोंडाला कुलूप. वह्या तपासल्या तर दोघींच्या चुकासुद्धा सारख्याच. म्हणजे मौनी नक्कल करते.

मी पुठ्ठ्याला खाच पाडून एका वेळी एकच ओळ दिसेल अशी खिडकी केली. साबणाची, बिस्किटांची वेष्टणं भिंतीवर लावली, वाळूत अक्षरं गिरवून घेतली. ती सगळं निमूट करते, पण शब्द काही फुटत नाही. शेजारच्या वर्गाच्या मास्तरांनी पालथ्या घड्यावर पाणी म्हणून ऐकवलं. मला रागच आला.

मोठ्या बाईंनी ठरवलंय, वार्षिक परीक्षेत मौनीला वाचता आलं नाही तर तिला दुसरीतच ठेवायचं. टकळी जाईल वरच्या मजल्यावर तिसरीत. या दोघी आजवर कधी वेगळ्या झालेल्या नाहीत गं. त्यांच्या आईचं इस्त्रीचं दुकान आहे. ती परवा वर्गाच्या दाराशी येऊन रडली. काहीतरी सुचव.

लोभ आहेच, पण या महिन्यात जरा जास्त लागेल.

तुझी,
हात टेकलेली भाची

१४ जानेवारी

चि. भाचीबाईस,

अनेक आशीर्वाद, आणि एक कानपिचकी. तू मौनीला काय काय दिलंस ते रंगवून लिहिलंस, आणि मौनी काय करते ते दोन ओळींत उरकलंस. औषधांची यादी लांबलचक, रोग्याची नाडी बघायची राहिली!

मला एक सांग. टकळी वाचत असते तेव्हा पान कोण उलटतं? हसू नकोस. पान संपत आलंय हे जी वाचते तिलाच कळतं. तू न शिकवलेली, जरा गमतीची गोष्ट दोघींपुढे ठेव. या खेपेला पुस्तकाकडे बघू नकोस, त्यांच्या तोंडांकडे बघ. मला शंका आहे, पण आत्ताच सांगत नाही. चुकले तर तू वर्षभर चिडवशील.

त्या मास्तरांना म्हणावं, घडा पालथा की सुलटा हे आधी वाकून बघावं.

पत्राची वाट बघायला लावू नये, म्हाताऱ्या माणसांना उत्सुकता सोसत नाही.

तुझी मावशी

२३ जानेवारी

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. पान मौनी उलटते!

डोळ्यांवर चष्मा असताना घरभर चष्मा शोधणाऱ्या म्हशीची गोष्ट मी स्वतः रचून लिहिली. आधी मौनी खुदकन हसली. मग तेच वाक्य टकळीनं मोठ्यानं वाचलं आणि वर्ग हसला. मी जवळ सरकले. मौनी ओठ न हलवता कुजबुजत होती, टकळी ते ऐकून खणखणीत म्हणत होती. टकळीचं बोट तर एक ओळ मागेच होतं.

नंतर टकळीला एकटीला बसवलं. तिला तहान लागली, मग डोळे दुखले, मग तिनं बाकावर डोकं ठेवलं आणि आपल्याला वाचता येत नाही म्हणाली. नक्कलही तीच करायची. त्यांच्या आईला विचारलं. पहिलीत मौनीच्या घोगऱ्या आवाजाला मुलं हसली होती, तेव्हापासून टकळी तिच्या वतीनं बोलू लागली. पुढे अक्षरं शिकायची टकळीला गरजच पडली नाही.

जिला वाचता येतं तिलाच मी इतके दिवस वाचायला शिकवत होते! आता बाईंना सांगावं तर टकळी मागे राहील, न सांगावं तर मौनी. इकडे आड, तिकडे विहीर. मला फार भीती वाटते आहे.

उत्तर लवकर पाठवून उपकार करावेत.

तुझी,
गोंधळलेली भाची

३० जानेवारी

चि. भाचीबाईस,

अनेक आशीर्वाद. बाईंना सगळं सांग. लपवाछपवी त्या पोरींनी पुरेशी केली आहे, त्यात तुझी भर नको.

टकळीला रागावू नकोस. बहिणीचं हसं होऊ नये म्हणून त्या एवढ्याशा पोरीनं हे केलं, मला तर तिचा मुका घ्यावासा वाटतो. दोघींना लांब बसवू नकोस. बोट मौनीनं ठेवायचं आणि दोघींनी एका सुरात वाचायचं. टकळीला जमतंय असं दिसलं की मौनीनं थांबायचं, ती अडखळली की पुन्हा साथ द्यायची. टकळीची तोंडपाटीलकी पण वाया घालवू नकोस. तिच्याच गप्पा फळ्यावर लिहून तिच्याकडून वाचून घे. मौनीचा आवाज मात्र ओढून काढू नकोस.

एकच सांगते. मूल अडलं की शब्द चटकन सांगून टाकावासा वाटतो. तो गिळणं फार अवघड. मला शेवटपर्यंत नीट जमलं नाही.

जेवणखाण वेळेवर कर. लोभ तुझ्यावर आहेच, आता त्या दोघींवरही जडला.

तुझी मावशी

१८ एप्रिल

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. आधी निकाल सांगते, नाहीतर तू पत्र खालून वाचशील. दोघी तिसरीत चालल्या!

बाईंना मी सगळं सांगितलं होतंच, म्हणून मौनीला त्यांनी नवं पान दिलं आणि प्रश्न कागदावर विचारले. तिनं सगळ्यांची उत्तरं लिहून दिली, एका प्रश्नातली चूकही दाखवली. बाईंनी ती मुकाट्यानं दुरुस्त केली.

मग टकळी फळ्यापाशी उभी राहिली, मौनी मागच्या बाकावर. एरवी तोफ असलेली पोर, पण एकेक शब्द चाचपत वाचत होती. चौथ्या ओळीत 'आश्चर्य' आलं आणि गाडी अडली. तिनं सवयीनं बहिणीकडे वळून बघितलं. पुढच्या बाकावरून कुणीतरी सांगायला तोंड उघडलं. खोटं कशाला बोलू, माझंही उघडलं होतं.

तेवढ्यात मौनी उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा घोगऱ्या, मोठ्या आवाजात तिनं बजावलं, की कुणी सांगायचं नाही, तिला येतंय.

कुणीही हसलं नाही. टकळीनं पुन्हा पुस्तकात बघितलं आणि तो शब्द वाचला.

आम्हां तिघींवर अशीच माया असू द्यावी.

तुझी भाची