नव्वद दिवस गारठा

आई,

तू देवळातून येईपर्यंत माझी अंबाजोगाईची एसटी निघेल. संध्याकाळी परत येते.

दादाने कॅनडाहून पाठवलेल्या मॅपलच्या बिया मी ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. तू त्या मटकीसोबत फडक्यात बांधून गॅसशेजारी ठेवल्यास. "मोड यायला ऊब लागती बाई, गारठ्यात काय उगवतंय?" मटकीचं खरं आहे. या बियांना मात्र नव्वद दिवस गारठाच लागतो. वीसपैकी नऊ बियांना बुरशी लागली. उरलेल्या अकरा पुन्हा फ्रिजमध्ये आहेत, दिवस आजपासून मोजायचे. काल तुझ्यावर ओरडले, ते चुकलंच.

"झाड उगवलं की बघायला येतो," असं दादा म्हणाला होता. म्हणून तू परवा फोनवर त्याला उगवलं असं सांगून टाकलंस, आणि आता तो फोटो मागतोय. तू म्हणतेस तसा कडुलिंबाच्या रोपाचा फोटो मी पाठवणार नाही. दादा इथलाच आहे, कडुलिंब ओळखतो.

त्याचा फोन आला तर तूच खरं सांग. झाड नसलं तरी ये, एवढंच म्हण.

मटकीला बोटभर मोड आलेत. उसळ कर, मी जेवायला आहे.

कावेरी