खाणकामगार हरले तो शुक्रवार

भाऊ, सात वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि हे पत्र मी तेव्हापासून टाळतोय. आधी म्हटलं, अक्षर सुधारू दे. मग अबुधाबीकडे मुसफ्फात काम लागलं, मग सुटलं, मग एका पठाणाबरोबर खजुराच्या बागा बघत हिंडलो. ते जाऊ दे, तुम्हाला माझं माहीतच आहे. आज बसलोय, कारण शारजाच्या त्याच गॅरेजात तुमच्यामागे पहिल्यांदा आपला फिल्म फेस्टिवल लागतोय, आणि तो मी लावतोय. हसू नका.

फेस्टिवल हा शब्दही तुमचाच. ओळीने तीन शुक्रवार, दुपारच्या जेवणानंतर, शटर अर्धं खाली, आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या संपांचे, जमिनीच्या लढ्यांचे पिक्चर. तुम्ही साधे स्टोअरकीपर, पण कॅसेटी कुठून मिळवायचात देव जाणे. पेंटर, सुतार, ड्रायव्हर, सगळ्यांना सुट्टीच्या दिवशी फुकट राबवायचात आणि वर त्यांनाच त्याचा अभिमान वाटायचा. हे मला अजून जमत नाही. खालच्या इंग्रजी ओळी वाचणारे थोडेच, म्हणून मी टीव्हीशेजारी उभा राहून सगळं बोलणं हिंदीत सांगायचो.

तो खाणकामगारांचा पिक्चर. लांबलेला संप, आणि शेवटी ती माणसं हरून, मान खाली घालून खाणीत परत जातात. मी समोर बघतो, तर जुन्या टायरांवर बसलेले आपले लोक. सहा दिवस उन्हात वेल्डिंग, आणि सातवा दिवस आम्हाला दिलेला. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मालिक मान गया! सब जीत के लौट रहे हैं!" टाळ्या, शिट्ट्या. तुम्ही उठता, कॅसेट मागे नेता आणि सगळ्यांदेखत म्हणता, "आता खरं सांग."

सांगितलं. रत्नागिरीचा एक वेल्डर उठला. "हरले तर हरले. आमी काय लहान पोरं? असं फसवायचं असेल तर पुढच्या शुक्रवारी मी आपला झोपतो!" तुम्ही माझ्यासाठी हात जोडून माफी मागितलीत. मग चहा आला आणि दीड तास कोणी हललं नाही. ते कुठे चुकले, आपण असतो तर काय केलं असतं, नुसती भांडणं. जिंकले असते तर एवढं कोण बोललं असतं? बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणालात, "हबीबी, दया घरी ठेवून येत जा."

आज टायर मांडलेत, तीसेक माणसं आलीत. तुमच्या शब्दावर यायची, तशी माझ्या शब्दावर येत राहतील का, हीच धाकधूक. पत्राला पत्ता नाही, म्हणून लिहायला धीर होतोय.

थांबा. शटरखालून वाकून वहिनी आल्या. हो, तुमच्या घरच्या! तुम्ही असताना एकदाही न आलेल्या. पदर खोचून पुढच्याच टायरवर बसल्या. "ह्यांचा शुक्रवार कुठे जायचा ते बघायला आले. शेवट बरा आहे ना रे?"

'बरा आहे' अगदी जिभेवर आलं होतं, भाऊ. पण काल हा पिक्चर आधी बघून ठेवायला बसलो, तो अर्धा टाकून एका ट्रकवाल्याबरोबर खोर फक्कानच्या समुद्रावर गेलो होतो.

"वहिनी, शेवट मी बघितलेलाच नाही," म्हणालो. सगळ्यांनी ऐकलं.

"मग बसलोय की सगळे," त्या म्हणाल्या. "यल्ला, लाव."