लहानू मिस्त्रीचे हात

३ नोव्हेंबर, सोमवार

मोनालीनं आज मले यांचा शर्ट घालायले लावला. निळा, लांब बाह्यांचा. वरून म्हणते, "आई, बांगड्या काढा. व्हिडिओत बाईचे हात दिसून राहिले."

मंग बाईचेच आहेत ना!

सून माझी, पण दुकान तिच्या बापाचं असल्यासारखी बोलते. पोरगा पंकज बुटीबोरीले कंपनीत जाते, अन् ही दिवसभर माझ्या मागं मोबाइल घेऊन. दुकानाचं पान काढलं तिनं मोबाइलवर. नाव ठेवलं 'लहानू मिस्त्री — हातानं शिवलेलं चामडं'. त्यावर अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ टाकते. चेहरा नाही, नुसते हात. अन् नाव मिस्त्रीचं तं हातही मिस्त्रीचेच दिसले पाहिजेत म्हणते.

मिस्त्री म्हणजे हे, अन् यांचे हात तं दोन वर्षांपासून थरथरतात. भोकं पाडायले आरी टोचायची एकीकडं, जाते दुसरीकडं. गोळ्या सुरू आहेत, फरक नाही. तवापासून पर्सा, बॅगा, पट्टे — सगळं मी शिवते, आतल्या खोलीत. हे पुढं गल्ल्यावर बसतात, हात मांडीखाली दाबून. गिऱ्हाइकाले वाटते मिस्त्रीनं शिवलं. घराबाहेर कोणाले माहीत नाही.

आता काम जगाले दाखवायचं, पण मी करते हे नाही दाखवायचं. असं कसं दाखवतात, मले समजून नाही राहिलं. साबण लावून बांगड्या काढल्या. एक फुटली.

५ नोव्हेंबर

पहिल्या तीन सेकंदात माणूस थांबला पाहिजे, मोनाली म्हणते. कुठं थांबला पाहिजे — दुकानापुढं? नाही म्हणे, मोबाइलवर. बोट सरकवता सरकवता थांबला पाहिजे. म्हणून आधीच कापायची रापी चामड्यात खस्सकन घुसली पाहिजे.

मी म्हटलं, आधी चामडं हातानं पाहतात, कुठं पातळ, कुठं जाड. मंग खूण करतात. मंग रापी.

"ते कोण पाहते, आई?"

कोणी पाहत नाही तं मी रोज कायले करते?

६ नोव्हेंबर

चाळीस हजार लोकांनी पाहिलं म्हणते. दुकानात दोघं आले. त्यातला एक रामदासपेठेतल्या दवाखान्याचा पत्ता विचारायले.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी मी पोळ्या करून राहिली होती. मोनाली लोकांनी लिहिलेलं मोठ्यानं वाचत होती. "लहानूकाका, तुमच्या हातांना सलाम." "काय सफाई आहे काकांची." "असे हात आता राहिले नाहीत."

हे पोळी मोडता मोडता थांबले. म्हणाले, "अजून वाच."

तोंडावर दोन वर्षांत असा उजेड नाही पाहिला मी. यांचा चहा मी अर्धाच ग्लास ओतते, सांडू नये म्हणून. चार लोकांत तं ग्लासाले हातच लावत नाहीत. अन् आज पाठ सरळ करून बसले, जसं खरंच आता आरी उचलतील.

मले बरं वाटलं का वाईट? तेच कळलं नाही. पोळी करपली.

दुपारी शेजारची जनाबाई आली. पहिले हातच पाहिले. "नवरा धडधाकट बसला आहे पुढं, अन् हात भुंडे काहून वं, कौसल्या?"

साबणानं खाज सुटली म्हटलं.

"मंग साबण सोड ना. बांगड्या कायले सोडते?"

हिले कोणी विचारलं शहाणपण! पण पुढं यांनी ऐकलं. मान खाली घालून बसले.

१२ नोव्हेंबर

फोन आला. रविवारी कारागिरांचा मेळा आहे. लहानू मिस्त्रीनं लोकांपुढं बसून शिवून दाखवायचं.

मोनाली हो म्हणून बसली. फोन ठेवला अन् मंग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडावर हात. "आता काय करायचं, आई?"

आता आई!

म्हणे बाबा पुढं बसतील, माल दाखवतील. तुम्ही मागं बसून... मी म्हटलं, मागून काय करू? यांच्या बगलेतून हात काढून शिवू? यायचं नाही म्हणून सांग.

हे म्हणाले, "जातो मी."

"अन् हात?"

उठून पुढं गेले.

१३ नोव्हेंबर

मोनाली वाचता वाचता अडखळली. तिच्या तोंडून निघून गेलं होतं, नाही तं तिनं गिळलं असतं. कोणी मेघा म्हणून आहे, तिनं लिहिलं — काकांच्या मनगटावर बांगड्यांचा वळ कसा?

मोनालीनं लगेच पुसून टाकलं. मी माझं मनगट पाहिलं. खरंच. काळ्या हातावर गोरा पट्टा. लग्नापासून बांगड्या आहेत, तिथं कधी ऊन लागलंच नाही. लपवायले काढल्या, अन् उघडं तेच पडलं.

यांनीही पाहिलं. माझ्या मनगटाकडंच पाहून राहिले होते.

मी व्हिडिओसाठी घातलेला शर्ट काढून फेकला. म्हटलं, बस झालं. मी काही सोंग नाही घेत आता.

"नाव जाईल वं," म्हणाले. एवढंच.

"कोणाचं?" मी म्हटलं.

जेवले नाहीत. बोलायले नव्हतं पाहिजे का? पण खोटं काय बोलली मी? माझं नाव तं कुठंच नाही, ते जाणार कुठं? मंग मले राग काहून येते?

दुसऱ्या बाजूनं पाहिलं तं लग्न होऊन आली तवा मले सुईत दोरा ओवता येत नव्हता. दोन सुयांचा टाका यांनीच शिकवला. चुकला की उसवायचे, अन् परत घाल म्हणायचे. एक शब्द जोरानं नाही. हात माझा, पण टाका यांचा. मंग लोकांनी सलाम कोणाले केला? डोकं फिरून गेलं माझं. खरं सांगावं तं हे मेले. नाही सांगावं तं रविवारी लोकांपुढं मरतील.

१४ नोव्हेंबर

आज यांनी मोनालीले विचारलं, मोबाइल कसा धरतात. तिनं शिकवलं. मले वाटलं मेळ्याची जागा पाहायची असेल.

मंग आतल्या खोलीत आले. "बांगड्या घाल. शिवायले बस."

कायले, विचारलं तं सांगत नाहीत. उभेच राहिले मोबाइल धरून. मी खाली मान घालून शिवत बसली. कोण बोलते यांच्याशी!

१५ नोव्हेंबर, शनिवार

व्हिडिओ टाकला. यांनी काढलेला. सगळं हलून राहिलं त्यात — माझे हात, बांगड्या, चामडं, भिंत. मोनाली म्हणे, "बाबा, परत काढू, मी धरते." नाही म्हणाले. यांचाच आवाज घातला आहे त्यावर: "शिवून राहिले ते हात कौसल्याचे. हलून राहिले ते माझे." इतक्या वर्षांत माझं नाव घेतलं नव्हतं. पंकजची आई, म्हणत.

मेळेवाल्यालेही यांनीच फोन केला. दोघं येतो, म्हणाले.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक होतं. मी चहा नेला, नेहमीसारखा अर्धा ग्लास. सगळ्यांपुढं म्हणाले, "भरून आण."